रेपो सापडला, पण लायसन्स कुठलं? नव्यांसाठी पायरीपायरीने

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीकडची मुलं ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करायची असं विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगतो की कोडकडे नंतर वळा. आधी तुमच्या वापरातल्या एखाद्या लहान प्रकल्पाचं लायसन्स, म्हणजे वापराची लेखी परवानगी, नीट लिहिलंय का ते बघा, आणि नसेल तर ते नीट व्हायला मदत करा. या कामाला भारी मशीन लागत नाही. एकदा रेपो (प्रकल्पाचा कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास) क्लोन करून, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून, घेतला की जुलैच्या पावसात दोन दिवस रेंज नसली तरी बरंचसं काम पुढे सरकतं. आणि ते कुणीतरी करायलाच हवं असतं. चांगले, उपयोगी प्रकल्प केवळ दोन ओळी धड लिहिल्या नाहीत म्हणून वापराविना पडून राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक उदाहरण धरून चालू. समजा, हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या मच्छीमारांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत दाखवणारं ॲप तुम्हाला करायचंय. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर जवळपास तसाच एक रेपो सापडतो. रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत, लिहिलंय, ‘हा कोड सर्वांसाठी खुला आहे’. लायसन्स नावाच्या फाइलमध्ये एमआयटी या मोकळ्या लायसन्सचा मजकूर आहे. पॅकेज डॉट जेसनमध्ये आयएससी लिहिलंय. आणि भरतीचं गणित करणाऱ्या तीन फाइलींच्या डोक्यावर जीपीएलचा, म्हणजे तो कोड घालून केलेलं कामही त्याच अटींवर वाटायला लावणाऱ्या लायसन्सचा, उल्लेख आहे. यातलं खरं कुठलं?

(फाइलींची आणि लायसन्सची नावं मी इथे देवनागरीत देतोय. प्रत्यक्ष फाइलीत ती इंग्रजी लिपीत, ठरलेल्या स्पेलिंगनेच लिहायची.)

आधी एवढं पक्कं करा

भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. कोड लिहिला गेला की कॉपीराइट आपोआप तयार होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे लायसन्स कुठेच दिसत नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच आहेत. रेपो पब्लिक आहे एवढ्यावरून तुम्हाला तो वापरायची मोकळीक मिळत नाही. गिटहबच्या अटींनुसार पब्लिक रेपो इतरांना तिथे बघता येतो आणि फोर्क करता येतो, म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते. तुमच्या ॲपमध्ये घालून वाटायची परवानगी त्यातून निघत नाही. ‘टाकलाय म्हणजे वापरा असंच असणार’ हा अंदाज बहुतेक वेळा लेखकाच्या मनातलाच असतो, पण तो त्याने लिहून दिलेला नसतो, आणि आपल्याला लिहिलेलं हवं असतं.

पहिली पायरी: जे जे लिहिलंय ते एका जागी आणा

एक साधी शीट उघडा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: कुठल्या फाइलीत, नेमके कुठले शब्द, आणि ते कधी व कोणी लिहिले. शब्द जसेच्या तसे उतरवा. ‘बीएसडी टाइप’ असं स्वतःच्या शब्दांत लिहिलंत तर पुढे घोळ होतो.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: रेपोच्या मुळाशी असलेल्या लायसन्स, कॉपीइंग किंवा नोटीस नावाच्या फाइली, रीडमी, पॅकेजची माहिती देणारी फाइल (जावास्क्रिप्टसाठी पॅकेज डॉट जेसन, पायथनसाठी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल), प्रत्येक सोर्स फाइलीच्या सुरुवातीच्या कॉमेंट, ॲपमधलं ‘माहिती’ पान. आणि ज्यांच्याकडे कोणी बघत नाही ते फोल्डर, म्हणजे व्हेंडर, लिब, ॲसेट्स, फॉन्ट्स. गिट ग्रेप वापरून सगळ्या रेपोत ‘कॉपीराइट’, ‘लायसन्स’ आणि ‘एसपीडीएक्स’ (लायसन्सची ठरलेली छोटी नावं लिहायची पद्धत) हे इंग्रजी शब्द शोधलेत की अर्धं काम होतं. मोठा रेपो असेल तर स्कॅनकोड हे मोफत साधन चालवा. ते फाइलागणिक यादी काढून देतं.

गिटहबच्या पानावर उजवीकडे जे लायसन्सचं नाव दिसतं त्यावर थांबू नका. लायसन्सी नावाचं एक साधन लायसन्सच्या फाइलीचा मजकूर ओळखीच्या मजकुरांशी ताडून ते नाव दाखवतं. तीन फाइलींच्या डोक्यावरचं जीपीएल त्याला दिसत नाही.

दुसरी पायरी: विसंगती कुठल्या जातीची आहे ते ओळखा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बऱ्याच विसंगतींमागे भांडण नसतं, नुसता निष्काळजीपणा असतो. त्या ओळखता आल्या की मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, नेमका प्रश्न विचारता येतो.

आपल्या उदाहरणातलं आयएससी घ्या. जावास्क्रिप्टचं नवं पॅकेज सुरू करणारी एनपीएम इनिट ही कमांड चालवून नुसतं एंटर दाबत गेलं की लायसन्सच्या रकान्यात आयएससी आपोआप भरलं जाताना अनेक वर्षं दिसत आलंय. लेखकाने नंतर एमआयटीची फाइल जोडली, पण हा रकाना तसाच राहिला. आयएससी आणि एमआयटी दोन्ही उदार, म्हणजे फारशा अटी न घालणारी, लायसन्स आहेत, त्यामुळे धोका कमी, पण दुरुस्ती हवीच.

त्याच रकान्यात ‘अनलायसन्स्ड’ असेल तर मात्र सावध व्हा. एनपीएमच्या भाषेत त्याचा अर्थ, हे वापरायचा हक्क कोणालाही दिलेला नाही. ‘अनलायसन्स’ हे मात्र सगळे हक्क सोडून देणारं लायसन्स आहे. शेवटच्या एका अक्षराने अर्थ पूर्ण उलटा होतो, आणि पुष्कळ लेखकांना लिहायचं एक असतं आणि लिहिलं जातं दुसरंच.

नुसतं ‘बीएसडी’ लिहिलं असेल तर कुठलं, ते विचारावं लागतं. दोन कलमी, तीन कलमी आणि जुनं चार कलमी अशी रूपं वापरात आहेत. चार कलमीमध्ये जाहिरातीत उल्लेख करायची अट होती, जी जीपीएलशी जुळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने स्वतःच्या कोडपुरती ती अट १९९९ मध्ये काढून टाकली. इतरांच्या कोडवर ती अजून असू शकते.

जीपीएलच्या बाबतीत आवृत्ती विचारा. दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. ‘फक्त दुसरी’ आणि ‘दुसरी किंवा नंतरची कुठलीही’ यात व्यवहारात मोठा फरक पडतो, कारण अपाची २.० या आणखी एका उदार लायसन्सचा कोड ‘फक्त दुसरी’ या जीपीएलबरोबर जोडता येत नाही, तिसरीबरोबर येतो. लायसन्सचा पूर्ण मजकूर रेपोत ठेवला एवढ्याने ‘फक्त’ की ‘नंतरचीही’ हे ठरत नाही. आवृत्ती सांगितलीच नसेल तर प्रकाशित झालेली कुठलीही निवडा, असं जीपीएलच्याच मजकुरात आहे. पण नुसती फाइल ठेवणं म्हणजे आवृत्ती सांगणं का, यावर मतभेद आहेत. म्हणून इथे तर्क लढवू नका, लेखकाला विचारा.

क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स चित्रं, लेख, छायाचित्रांसाठी उत्तम आहेत. कोडसाठी ती वापरू नका असं ती संस्थाच सांगते. त्यातलं ‘एनसी’, म्हणजे व्यावसायिक वापर नको, हे ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. शिवाय देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने असं ॲप वापरून पेट्या विकल्या तर तो व्यावसायिक वापर झाला की नाही, यावर दोन माणसांचं एकमत व्हायचं नाही. कोणी एमआयटीच्या मजकुराखाली ‘विकू नये’ अशी ओळ जोडली असेल तर ते एमआयटी राहिलेलंच नाही. जेसन या माहिती लिहायच्या पद्धतीच्या कोडच्या मूळ लायसन्समध्ये ‘हे चांगल्यासाठी वापरावं, वाइटासाठी नाही’ अशी अट होती. हेतू किती सज्जन! पण चांगलं-वाईट ठरवणार कोण, म्हणून डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने ते मुक्त मानलं नाही.

‘सर्वांसाठी खुला आहे’ हे आपल्या रीडमीतलं वाक्य याच जातीचं. भावना स्पष्ट आहे, परवानगी स्पष्ट नाही. बदल करू? पुढे वाटू? नाव द्यावं लागेल? त्यातून काहीच कळत नाही.

तिसरी पायरी: इतिहास वाचा

लायसन्सच्या फाइलीवर गिट लॉग चालवा. ती कधी आली, कोणी आणली, मध्ये बदलली का? संशयास्पद फाइलींवर गिट ब्लेम चालवा (कुठली ओळ कोणी लिहिली ते कळतं) आणि त्या ज्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, पहिल्यांदा आल्या तो कमिट उघडून संदेश वाचा. ‘भरतीचा कोड जोडला’ असा संदेश आणि एका फटक्यात हजारभर ओळी दिसल्या, तर तो कोड बहुधा बाहेरून आलाय. त्यातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य किंवा फंक्शनचं नाव सर्च करून मूळ जागा शोधा.

लायसन्स मध्येच बदललेलं दिसलं तरी घाबरू नका. आधीच्या आवृत्तीबरोबर एमआयटीसारखं लायसन्स मिळालं असेल, तर ती आवृत्ती त्याच अटींवर वापरता येते. नवा बदल नव्या आवृत्तीपासून लागू.

चौथी पायरी: दुसऱ्यांचं काय काय आत आलंय

मार्च २०२१ मध्ये रुबी या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात जे घडलं ते नव्यांनी माहीत करून घ्यावं. माइममॅजिक नावाचं एक लहानसं पॅकेज एमआयटीखाली वाटलं जात होतं. फाइलींचे प्रकार ओळखायला त्यात एक एक्सएमएल फाइल होती, आणि ती जीपीएलखालची निघाली. लेखकाच्या हे लक्षात आणून दिल्यावर त्याने जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या आणि रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बांधायच्या साधनावरच्या असंख्य प्रकल्पांचं इन्स्टॉलेशन अडलं. कोड नव्हे, माहितीची एक फाइल! रेल्सने तातडीने माइममॅजिकवरचं अवलंबन काढलं आणि नव्या आवृत्त्या आणल्या.

आपल्या भरतीच्या ॲपमध्ये अशा जागा कुठल्या? पहिली, फॉन्ट. मुक्ता किंवा बालू वापरला असेल तर ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ॲपबरोबर बिनधास्त द्या, फक्त लायसन्सची प्रत सोबत ठेवा. कोणाच्या तरी डीटीपी सेंटरमधून पेनड्राइव्हवर आलेला फॉन्ट असेल तर तो काढाच. दुसरी, नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून ओडीबीएल या डेटाबेससाठीच्या लायसन्सखाली आहे. श्रेय दाखवणं बंधनकारक आहे. तिसरी, प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेला कोड. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए (श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे वाटा) खाली असतो, त्यामुळे तिथून तुकडा आला असेल तर कॉमेंटमध्ये दुवा आणि लेखकाचं नाव हवं. मोठा तुकडा असेल तर मी तो नव्याने लिहायला सांगतो.

चौथी जागा सगळ्यात नाजूक: भरतीच्या वेळांचे आकडे. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करतो, हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र भरतीचे अंदाज देतं. सरकारी म्हणजे सर्वांचं, असं आपण सहज धरतो. पण कायद्यानुसार सरकारी कामाचा कॉपीराइट सरकारकडे असतो. २०१७ मध्ये अधिसूचित झालेलं सरकारी खुल्या माहितीचं लायसन्स आहे आणि ते बरंच उदार आहे, मात्र ते खुल्या माहितीच्या धोरणाखाली जी माहिती प्रसिद्ध केली जाते तिलाच लागू. त्यामुळे आकडे नेमके कुठल्या पानावरून घेतले आणि त्या पानावर कुठल्या अटी लिहिल्या आहेत हे शीटमध्ये टिपा. छापील पुस्तकातून कोणी कोष्टकं टाइप केली असतील तर मी ती रेपोत ठेवणार नाही.

पाचवी पायरी: हो म्हणायचा हक्क कोणाचा

मेंटेनरने ‘हो, एमआयटीच समजा’ म्हटलं की काम झालं असं वाटतं. पण कोड त्याने एकट्याने लिहिलाय का? कोकणात ज्याच्या घरात जमिनीचा सातबारा आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उताऱ्यावर जितकी नावं, तितक्यांच्या सह्या. मग त्यातला एक चुलता डोंबिवलीला असो नाहीतर गणपतीलाच गावी येत असो. रेपोत हा उतारा गिट शॉर्टलॉगने निघतो. कोणी किती कमिट केले त्याची नावानिशी यादी समोर येते.

आधीपासून स्पष्ट लायसन्स असलेल्या गिटहबवरच्या रेपोत कोणी भर घातली, तर ती त्याच लायसन्सखाली आली असं गिटहबच्या अटी धरून चालतात. अडचण येते ती लायसन्स लागण्यापूर्वी आलेल्या भरीची, किंवा लायसन्स बदलायचं असेल तेव्हाची. तेव्हा ज्यांनी ज्यांनी खरंखुरं लेखन केलं त्या सगळ्यांना विचारायचं. एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारणाऱ्यावरून फारसं अडत नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलसारख्या अवाढव्य प्रकल्पानेही हेच केलं. जुन्या लेखकांना एकेक करून गाठलं, नकार देणाऱ्यांचा कोड काढला, आणि मग २०२१ ची ३.० आवृत्ती अपाची २.० खाली आणली.

नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. तेव्हा लेखकाचा ईमेल कंपनीचा दिसला तर ‘तुमच्या कंपनीची संमती आहे ना?’ हे विचारायला संकोच करू नका. फ्रीलान्सरचं उलटं आहे. तारकर्लीच्या होमस्टेवाल्याने पैसे देऊन साइट करून घेतली तरी लेखी हस्तांतरण नसेल तर कोडचा कॉपीराइट सहसा करणाऱ्याकडेच राहतो, म्हणून होमस्टेवाल्याची परवानगी पुरत नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये गटातल्या चौघांचीही नावं घ्या. रेपो एकाच्या खात्यावर असतो, पण कोड चौघांचा असतो.

सहावी पायरी: विचारा, पण नीट

इश्यू, म्हणजे रेपोच्या पानावरची जाहीर प्रश्नाची नोंद, उघडा. उघड्यावर विचारलेलं आणि उघड्यावर मिळालेलं उत्तर पुढच्या प्रत्येकाच्या उपयोगी पडतं. फोनवरचा होकार तुमच्यापुरताच राहतो. आरोपाचा सूर अजिबात नको. समोरच्याने फुकट काम करून ठेवलंय हे विसरू नका. मजकूर साधारण असा (त्यातली पुल रिक्वेस्ट म्हणजे तयार बदल स्वीकारायची विनंती):

‘नमस्कार. तुमचा प्रकल्प आम्हाला कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी वापरायचा आहे, त्याबद्दल आधी आभार. लायसन्सबाबत तीन ठिकाणी वेगवेगळं दिसतंय: लायसन्स फाइलीत एमआयटी, पॅकेज डॉट जेसनमध्ये आयएससी, आणि गणिताच्या फोल्डरमधल्या तीन फाइलींवर जीपीएल, आवृत्तीशिवाय. तुमचा हेतू संपूर्ण प्रकल्प एमआयटीखाली देण्याचा आहे का? त्या तीन फाइली तुम्ही स्वतः लिहिल्या आहेत की दुसरीकडून घेतल्या आहेत? तुम्ही सांगाल त्याप्रमाणे दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट मी करून देतो.’

लेखक परदेशी असेल तर हेच इंग्रजीत, तितकंच थोडक्यात. तीन गोष्टी सांभाळा. कुठे काय दिसलं ते नेमकं सांगा. हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न विचारा. आणि काम स्वतःकडे घ्या. ‘कृपया लायसन्स स्पष्ट करा’ एवढंच लिहिलेले इश्यू अनुत्तरित पडलेले मी ढीगभर पाहिलेत, कारण त्यात सगळं ओझं समोरच्यावर टाकलेलं असतं. लायसन्स कुठलं असावं यावर भाषण मात्र देऊ नका. तो निर्णय त्याचा.

सातवी पायरी: उत्तर मिळालं की दुरुस्ती

समजा उत्तर आलं: बाकी सगळं माझं, एमआयटीच, त्या तीन फाइली मात्र दुसऱ्या एका प्रकल्पातून घेतल्या. मूळ प्रकल्प बघितल्यावर तिथे ‘जीपीएल, दुसरी किंवा नंतरची’ असं स्पष्ट मिळालं. आता लेखकापुढे दोन वाटा. फाइली ठेवायच्या असतील तर एकत्र ॲप जीपीएलच्या अटींवर वाटावं लागेल. त्याच्या स्वतःच्या फाइली सुट्या एमआयटीखाली राहू शकतात. नाहीतर ते गणित नव्याने लिहायचं किंवा उदार लायसन्सची दुसरी लायब्ररी आणायची. त्या फाइलींवरचं जीपीएलचं शीर्षक पुसून एमआयटी चिकटवणं ही वाट नाही. तसं करणाऱ्या पुल रिक्वेस्टला माझा ठाम विरोध राहील, ती कितीही सोयीची असो.

लिहिताना एसपीडीएक्सची छोटी नावं वापरा. लायसन्स यंत्रालाही वाचता यावीत म्हणून ठरवलेली ही पद्धत २०२१ पासून आयएसओचं मानक आहे. त्यात ‘जीपीएल-२.०-ओन्ली’ आणि ‘जीपीएल-२.०-ऑर-लेटर’ अशी दोन वेगळी नावं आहेत, त्यामुळे संदिग्धता उरत नाही. दोन लायसन्स जोडताना ‘अँड’ म्हणजे दोन्हीच्या अटी पाळा आणि ‘ऑर’ म्हणजे हवं ते निवडा. आपल्या उदाहरणात तीन फाइली ठेवल्या तर पॅकेजच्या रकान्यात ‘एमआयटी अँड जीपीएल-२.०-ऑर-लेटर’ येईल. इथे चुकून ‘ऑर’ लिहिलं तर जीपीएलवाल्या मूळ लेखकाची अटच तुम्ही परस्पर पुसली असं होतं.

पुल रिक्वेस्ट लहान ठेवा. लायसन्सचा पूर्ण, न बदललेला मजकूर. रीडमीत एक ओळ. पॅकेज फाइलीतला रकाना. प्रत्येक सोर्स फाइलीच्या डोक्यावर एसपीडीएक्सची एक ओळ आणि कॉपीराइटची एक, ज्यात मूळ लेखकांची नावं तशीच राहतील. तुमचं नाव तिथे लगेच घालू नका. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या युरोपातल्या एफएसएफईने तयार केलेली रियूज ही पद्धत पाळलीत तर तिची लिंट कमांड कुठली फाइल राहून गेली ते सांगते. कमिटच्या संदेशात त्या इश्यूचा दुवा द्या, म्हणजे होकार कुठे मिळाला ते रेपोच्या इतिहासातच राहील. पुढच्या भरीसाठी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ (हा कोड द्यायचा हक्क मला आहे, अशी नावानिशी ग्वाही) मागायची का, हे मेंटेनरला सुचवून बघा, लिनक्सने २००४ मध्ये ही पद्धत आणली आणि तिला वकील लागत नाही.

उत्तर आलंच नाही तर

महिनाभर थांबा, एकदा नम्रपणे आठवण करा, कमिटमधल्या ईमेलवर एकदा लिहा. मौन म्हणजे संमती नव्हे. लेखक हयात नसला तरी कॉपीराइट वारसांकडे असतो. अशा वेळी तेवढा भाग टाळून पुढे जायचं: दुसरी लायब्ररी शोधायची, किंवा मूळ कोड न उघडता, सूत्रं पाठ्यपुस्तकातून घेऊन स्वतः लिहायचं. भरतीचं हार्मोनिक गणित हे शास्त्र आहे. कल्पना आणि सूत्रं यांच्यावर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर असतो. ॲप विकायचं असेल, किंवा एखाद्या संस्थेने त्यासाठी पैसे घातले असतील, तर या टप्प्यावर कॉपीराइट कळणाऱ्या वकिलाला तुमची शीट दाखवा. शीट नीट असेल तर त्याचं काम आणि तुमचा खर्च, दोन्ही कमी होतील.

तुमचा इश्यू मात्र बंद करू नका, अनुत्तरित असला तरी उघडाच ठेवा. त्यात शेवटी एक नोंद टाका: काय शोधलं, काय मिळालं, कोणाला कधी विचारलं, आणि त्याऐवजी तुम्ही काय वापरलं. उद्या वेंगुर्ल्यातलं किंवा श्रीवर्धनमधलं दुसरं कोणी त्याच रेपोवर येईल, तेव्हा त्याला हे सगळं पहिल्यापासून खणावं लागणार नाही.